टाकीमागचं रानगाजर

आधीच सांगून टाकते, मी जळकी बाई आहे. लोक हे दुसऱ्यांबद्दल हळू आवाजात बोलतात, मी स्वतःबद्दल मोठ्यानं बोलते, एवढाच फरक. धाकटी जाऊ घरात आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होती. ती आळशी किंवा उद्धट असती तर माझं सोपं झालं असतं. पण ती कामाला वाघ होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि वर मला तोंड भरून "ताई" म्हणायची. अशा माणसाचं करायचं तरी काय?

आमच्या घरात गाजराचं बी तयार होतं. गाजरं पिकवून विकणारे आसपास पुष्कळ आहेत. त्यांना पेरायला बी लागतं, ते आमच्याकडून जातं. वाण एकच, सासूबाईंच्या सासऱ्यांपासून चालत आलेला. वीतभर लांब, गाभ्यापर्यंत केशरी, आणि असा गोड की लहान मुलं धुवायचीसुद्धा वाट बघत नाहीत.

गाजराला फुलायला दोन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी खाली मूळ भरतं आणि वर नुसता पाला. ते मूळ आपण खाऊन टाकतो, म्हणून पुढचं कुणी बघत नाही. न खाता ठेवलं तर दुसऱ्या वर्षी त्यातून कमरेएवढा दांडा निघतो, दांड्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात आणि त्यांवर बी धरतं. आम्ही थंडीच्या तोंडावर चारशे गाजरं उपटतो, त्यांतली ऐंशी निवडतो, वाळूच्या पेट्यांत घालून थंडी काढतो आणि मग ती परत लावतो. बी धरायचं ते त्या ऐंशींचंच. म्हणजे सगळी मदार निवडीवर.

निवड जिभेनं होते. मागच्या खोलीत लांब टेबल आहे. प्रत्येक गाजराला नंबराची चिठ्ठी लावायची, शेपटाकडचा पेराएवढा तुकडा कापायचा, चावायचा, वाडग्यात थुंकायचा आणि चूळ भरायची. गोड ते उजवीकडे, बाकीचं डावीकडे. उजवीकडच्या गाजराचा कापलेला भाग राखेत बुडवला की ते सडत नाही. याला आमच्याकडे चव बघणं म्हणतात, आणि चव बघतात फक्त सासूबाई. त्या वेळी खोलीत कुणी बोलायचं नाही. आमचे हे एकदा शिंकले, तर त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं.

माझ्याकडे होती फेरी. फेरी म्हणजे रानगाजर शोधत फिरणं. रानगाजर हा आपल्या गाजराचा रानातला भाऊबंद. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी रस्त्याच्या कडेला, कुंपणाखाली, रुळांच्या खडीत, कुठंही उगवतं. पाला आपल्यासारखाच, पण बारीक आणि लवदार. चुरगळला तर वास गाजराचाच येतो. मूळ मात्र पांढरं, उंदराच्या शेपटीएवढं आणि लाकडासारखं चिवट. फूल दिसायला मोठं देखणं. पांढरी चपटी छत्री, आणि पुष्कळदा मधोमध एकच टिकलीएवढं काळपट लाल फूल. बी धरायला लागलं की छत्री आत वळते आणि घरट्यासारखी मिटते. त्या बियांना बारीक काटे असतात, ते मोज्यांना चिकटून घरापर्यंत येतात.

भाऊबंद म्हटलं की भांडण आलंच. रानगाजर फुललं की माश्या त्याच्यावर बसतात आणि मग आमच्या वाफ्यावर येऊन बसतात. झालं, पुढच्या पिढीत पांढरी, फाटे फुटलेली, चिवट गाजरं निघतात. आणि ते लगेच कळत नाही. बी दिसायला सारखंच दिसतं. कळतं ते पुढच्या वर्षी, लोकांनी पेरल्यावर. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर, चारी दिशांना, एकही रानगाजर उभं राहता कामा नये. आठवड्यातून तीन फेऱ्या, हातात खुरपं आणि खांद्यावर पिशवी.

लग्न झालं त्या वर्षी मी पहिल्यांदा फेरीला गेले आणि शहाणपणा केला. रानगाजरं उपटण्याऐवजी विळ्यानं सपासप कापली आणि लवकर घरी आले. पंधरा दिवसांनी सासूबाई स्वतः गेल्या आणि मला हाक मारून नेलं. कापलेल्या प्रत्येक बुडख्याला चार-चार फुटवे आले होते आणि गवताच्या खाली, घोट्याएवढ्या उंचीवर, गुपचूप फुलले होते. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कापायचं नाही. मुळासकट काढायचं, आणि ती जागा लक्षात ठेवायची."

तेव्हापासून मी जागा लक्षात ठेवत आले. जिथून उपटलं तिथं काडी खोचायची आणि तीन वर्षं तिथं परत परत जायचं. पहिल्या वर्षाचा पाला गवतात लपलेला असला तरी मला चालता चालता दिसतो. एकदा भावोजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, मदत म्हणून एक रानगाजर ओढलं आणि मान मोडून मूळ आत ठेवलं. तेव्हा मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, माझ्या फेरीतलं कुणी उपटायचं नाही, मला दाखवायचं. शाळेच्या मैदानाचा रखवालदार मला बघून फाटक उघडायचा. कोपऱ्यावरच्या निवृत्त बाईंना ती फुलं फुलदाणीत हवी असायची, त्यांच्याशी माझं दरवर्षी वाजायचं. सगळ्या वस्तीत माझं नाव उपटबाई पडलं होतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अठरा वर्षं मी फेरी केली, ती एका गोष्टीकडे डोळे लावून. सासूबाई थकल्या की सुरी माझ्याकडे येणार, हे मी धरूनच चालले होते. आखूड पात्याची, लाकडी मुठीची साधी सुरी ती. पण ती ज्याच्या हातात, वाण त्याचा.

मग सासूबाईंची जीभ गेली. एका लांबलेल्या आजारपणानंतर त्यांना सगळंच ओल्या लाकडासारखं लागायला लागलं. त्या थंडीच्या तोंडावर आम्ही गाजरं उपटून टेबलावर मांडली, आणि त्यांनी धाकटीला बोलावलं. तिला घरात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिच्यासमोर तीन तुकडे ठेवले आणि कुठला निवडशील विचारलं. तिनं तिन्ही चावले, चूळ भरली, पहिला परत चावला. म्हणाली, "आई, हे तिन्ही एकाच गाजराचे आहेत ना?"

सासूबाईंनी सुरी तिच्या हातात दिली. मी दारात उभी होते, राखेचं घमेलं घेऊन. मला कुणी एक तुकडासुद्धा चावायला दिला नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्री यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुला फेरी आहे की. जणू मी फेरीसाठी जन्माला आले होते. त्यानंतरचे कितीतरी महिने मी धाकटीला पाण्यात पाहत होते. ती हसली की मला वाटायचं, मलाच हसते. गप्प बसली की वाटायचं, आता गर्व चढला. तिनं माझ्या आवडीचा साबण आणला तर मी तो फडताळात तसाच ठेवून दिला, वापरला नाही. कुणी भेटायला आलं आणि सासूबाईंनी "हिची जीभ बघा" म्हणून तिला पुढं केलं की मी उठून आत भांडी आपटत बसायचे. भांडी आमच्या घरात त्या वर्षी फार लवकर चेपली.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं निवडलेली ऐंशी गाजरं फुलली. वाफा पांढराशुभ्र दिसत होता. सासूबाई खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायच्या आणि म्हणायच्या, इतका एकसारखा फुलोरा माझ्या हातून कधी आला नाही. रोज म्हणायच्या. मी फेरीला निघताना हे ऐकायचे आणि परत येताना ऐकायचे.

वस्तीच्या कडेला पाण्याची उंच टाकी आहे. तिच्यामागे पाइपाची गळती असते, म्हणून गवत दाट. तिथं एका दिवशी मला ते दिसलं. छातीएवढं उंच रानगाजर, सात छत्र्या, सगळ्या उमललेल्या, मधोमध ती लाल टिकली. दुसऱ्या वर्षाचं झाड ते. म्हणजे मागच्या वर्षी त्याचा पाला माझ्या नजरेतून सुटला होता, आणि मागच्या वर्षी माझी नजर कुठं होती ते मला ठाऊक होतं. त्याच्यावर माश्या घोंगावत होत्या. तिथून आमचा वाफा आठ मिनिटांवर.

मी खुरपं पिशवीतून काढलं. जमीन ओली होती, एका हिसक्यात निघालं असतं. आणि माझ्या मनात आलं, बघू तरी हिच्या जिभेचं काय होतं ते. मी खुरपं परत पिशवीत टाकलं आणि पुढं निघाले. मनाला गार वाटत होतं. ते गार वाटणं मी विसरले नाही, म्हणून तर हे सांगते आहे.

पुढच्या फेरीला उपटू म्हटलं. पुढच्या फेरीलाही तसंच म्हटलं. असं करता करता सात छत्र्या पंधरा झाल्या, मग एकेक करून आत वळल्या आणि मिटल्या. आमच्या वाफ्यातलं बी काढून, वाळवून, चोळून पिशव्यांत भरलं गेलं, आणि घेणारे येऊन घेऊन गेले. शेवटची पिशवी गेली त्या संध्याकाळी मला वाटलं की धावत जाऊन ती परत आणावी. मी गेले नाही. एका झाडानं काय होतंय, अशी मनाची समजूत घालून झोपले.

एका झाडानं काय होतं ते दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला कळलं. दाढीवाला माळी आला. आमचं बी तो वीस वर्षं पेरतो. एरवी आला की दारातूनच चहा मागतो. त्या दिवशी त्यानं काही मागितलं नाही. टोपली जमिनीवर पालथी केली. पांढरी, फाटे फुटलेली मुळं, आणि काहींना तर पहिल्याच वर्षी दांडा येऊन फुलं धरलेली. म्हणाला, दहात एक असं निघतंय. मग आम्ही त्याच बियाच्या आमच्या चाचणीच्या वाफ्यात जाऊन उपटून बघितलं, तिथंही तेच. सासूबाईंनी एक पांढरं मूळ उचललं, धुतलं आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. त्या इतक्या म्हाताऱ्या मला त्याआधी कधी दिसल्या नव्हत्या.

सगळे मागच्या खोलीत जमलो. भावोजींनी विचारलं की फेरीत काही राहिलं असेल का. त्यावर सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं.

"मोठीच्या फेरीत? इतक्या वर्षांत एक तरी सुटलंय का तिच्या नजरेतून?"

म्हणजे राहता राहिली निवड. कुठल्या तरी गाजरात जुनं रानटी रक्त असणार, आणि धाकटीनं ते उजवीकडे ठेवलं असणार. सासूबाई हे तिला टाकून बोलल्या नाहीत, पण बोलल्या. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. तिनं फक्त एकदा वर बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बरं झालं, आता कळलं का. लगेच दुसऱ्या क्षणी वाटलं की आपलं तोंड कुणीतरी पाण्यात बुडवून धरलंय. तरी तोंडातून शब्द फुटला नाही.

घरात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात दर वर्षीच्या बियाची एक-एक मूठ जपून ठेवलेली असते. बिघडलेल्या बियाच्या आदल्या वर्षीचं मूठभर बी त्यात शिल्लक होतं, त्याच्या मागचं सगळं इतकं जुनं की उगवण्याची खात्री नाही. सासूबाईंनी ती मूठ त्याच आठवड्यात पेरून टाकली. आणि म्हणाल्या, "मोठे, या खेपेला चव तू बघायची. ही शेवटची मूठ आहे. ही गेली तर वाण गेला."

मिळालं की नाही मला हवं ते? अठरा वर्षं जिच्यासाठी पाय झिजवले ती सुरी माझ्या हातात आली. सासूबाईंची पाठ वळल्यावर मी ती तीनदा धुतली आणि पदरानं पुसली. फेरी भावोजींकडे गेली, आणि राखेचं घमेलं धाकटीकडे.

थंडीच्या तोंडावर गाजरं निघाली. शेवटच्या मुठीतून तीनशेच आली. मी टेबलाशी बसले, धाकटी माझ्या उजव्या हाताला उभी राहिली. पहिलं गाजर कापलं, चावलं. गोड होतं. दुसरं चावलं, तेही गोड. तिसरं, चौथं, दहावं, सगळी गोडच. मी चुळा भरल्या, खिडकी उघडली, डोळे मिटून चावलं. माझ्या जिभेला ती सगळी गाजरं म्हणजे गाजरं लागत होती. यांत डावं कुठलं आणि उजवं कुठलं, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

घाम फुटला. रंग बघून, आकार बघून मी काही उजवीकडे सरकवली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की धाकटी राखेत बुडवायच्या आधी गाजराच्या कापलेल्या तोंडावरून हलकेच बोट फिरवते आणि ते जिभेला लावते. एखाद्याला तिच्या भुवया किंचित वर जायच्या, एखाद्याला ओठ जरा मुडपायचे. मग मी काय करायला लागले असेन? तिच्या तोंडाकडे बघून गाजरं उजवी-डावी करायला लागले. सुरी माझ्या हातात होती आणि चव ती बघत होती. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती, आणि तिचीही. इतकं साधं, इतकं सहज असावं का एखाद्याला, जे दुसरीला जन्मभर येऊ नये?

चौदा नंबरचं मी उजवीकडे ठेवलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, चौदा परत चावा."

मी चावलं. गोड.

"कडसर आहे थोडं. मागून येतो कडवटपणा."

"मागून काय आणि पुढून काय," मी सुरी टेबलावर ठेवली. "अगं, मला यातलं काही कळत नाही. एकाचंही कळलेलं नाही." मग धरण फुटावं तसं सगळंच बाहेर आलं. "आणि तुझ्या निवडीत काही चूक नव्हती. टाकीमागं एक रानगाजर होतं. मी बघितलं होतं आणि तसंच ठेवलं होतं."

ती राखेत हात बुडवून उभी होती. म्हणाली, "मला माहीत आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती सांगत राहिली, हळूहळू, जणू तिचीच चूक असावी तसं. त्या उन्हाळ्यात ती दुपारी टाकीपाशी सावलीत येऊन बसायची. माझी फेरी तिथं संपते, तर माझ्याबरोबर घरी यावं असं तिला वाटायचं. पण माझं तोंड बघून हाक मारायचा धीर व्हायचा नाही, म्हणून मी पुढं गेल्यावर ती मागून यायची. त्या दिवशी तिनं मला खुरपं काढताना बघितलं होतं, आणि परत ठेवतानाही.

"मग उपटलं का नाहीस?" माझा आवाज चढला. "मुळासकट निघालं असतं एका हातानं."

"तुमच्या फेरीतलं होतं ना."

"ते सोड. खरं सांग."

तिनं राख झटकली. "उपटलं असतं तर पुढच्या फेरीला तुम्हाला रिकामी जागा दिसली असती. मग तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. मग तुम्ही माझ्यासमोर मान वर करून कशा वावरला असता या घरात? मला वाटलं, आज नाही तर उद्या तुम्हीच उपटाल. मी रोज जाऊन बघत होते."

"आणि माळी आला तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, आता तुम्ही बोलाल. थांबले."

थांबले, म्हणे. इतके महिने ती माझ्या जागी उभी राहून बोलणी खात होती आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. वाण जायची वेळ आली तरी थांबली होती. चूक म्हणाल तर तिचीही होती. एका माणसाची लाज राखायला कुणी शंभर वर्षांचं बी पणाला लावतं का? पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की हिनं यातही माझ्यावर ताण केली. मी तिच्या वाईटावर टपलेली, आणि ही माझी मान वर राहावी म्हणून झुरत होती. माझ्याकडे जळायला अजून एक गोष्ट आली.

मी सुरी उचलली आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी बसून पिशव्यांना टाके घालत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, टाकीमागचं झाड, खुरपं, सगळं. धाकटीनं बघितलं होतं ते सांगितलं नाही. तेवढं तरी मी तिचं राखू शकत होते. सांगून झाल्यावर सुरी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मला चव कळत नाही, आई. तुम्ही मला तेव्हा विचारलंसुद्धा नाही म्हणून मी..."

"विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षी तुला कडू गाजर दिलं होतं मी मुद्दाम. तू गोड आहे म्हणून अख्खं खाल्लंस. जीभ नाही तुला. डोळे आहेत. चव मी कुणालाही शिकवली असती, थोडीफार. ते डोळे मलाही नव्हते." टाका ओढून त्यांनी दोरा तोडला. "म्हणूनच कधी वाटलं नाही की तुझ्या फेरीतून आलं असेल."

मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं की त्या झाडाचं बी कुठं गेलं. मी म्हटलं, तिथंच पडलं असणार. किती छत्र्या होत्या? पंधरा. त्या मनात हिशेब करत होत्या, मीही करत होते. एका छत्रीत हजाराच्या घरात बी असतं, आणि ते सगळं एकदम उगवत नाही. काही याच वर्षी, काही पुढच्या, काही चार-पाच वर्षं मातीत दबा धरून बसतं. शेवटी त्या म्हणाल्या, "सुरी धाकटीला दे. फेरी परत तू घे. टाकीमागचं शेवटचं रोप निघेपर्यंत फेरी दुसऱ्या कुणाच्या हातात जायची नाही. आणि शिक्षा म्हणून नाही सांगत. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते दिसायचं नाही."

त्याच दुपारी मी खुरपं घेऊन टाकीमागे गेले. लांबून तिथं नुसतं गवत दिसत होतं. जवळ जाऊन खाली बसले आणि बघितलं, तर पावलोपावली रानगाजर. पहिल्या वर्षाचा पाला, जमिनीला चिकटून पसरलेला, कुणाच्याही नजरेत न भरणारा. या वर्षी त्यानं कुणाचंच काही वाकडं केलं नसतं. पुढच्या वर्षी केलं असतं. मी एकेक धरून मुळासकट काढायला लागले. पिशवी भरली, रिकामी करून परत भरली.

ऊन कलताना धाकटी आली. निवड संपली म्हणाली. बहात्तर निघाली, ऐंशी नाही, पण चांगली निघाली. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली, पण रोपाला हात लावला नाही. बोटानं एका पात्याकडे दाखवलं आणि विचारलं, "ताई, हे आहे का?"

ते नव्हतं. दुसरंच काही रानातलं होतं. मी तिचं बोट धरून चार अंगुळं बाजूला नेलं. तरी तिला दिसेना. पाला डोळ्यांसमोर होता, बोटाखाली होता, आणि तिला खरोखरच दिसत नव्हता. तिला दिसत नाही हे बघून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. सांगितलं ना आधीच, मी जळकी बाई आहे.

"लव बघ देठावरची," मी म्हटलं. "चुरगळून वास घे. आणि उपट आता, मी सांगते आहे ना."

तिनं उपटलं. मान मोडली, मूळ आत राहिलं. मी खुरप्यानं ते उकरून काढलं, तिच्या हातावर ठेवलं, आणि त्या जागी एक काडी खोचली.